वरची जोडी

आमच्या आत्याचे यजमान, म्हणजे आमच्याकडच्या रीतीने मामाजी, हे दुसरबीडला रस्त्याच्या कडेला मोटारी भरायचे. मोटारी भरायचे म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नव्याने तांब्याची तार गुंडाळून द्यायचे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल, की हे कुठल्यातरी मोठ्या शहरातल्या क्लबात संध्याकाळी बसणारे गृहस्थ असावेत. मामाजींनी क्लब पाहिला नव्हता. पण पोकर नावाचा खेळ, आणि त्यातही त्याचा एकच एक प्रकार, त्यांच्याइतक्या निष्ठेने खेळणारा दुसरा माणूस सिंदखेडराजा तालुक्यात झाला असेल असं मला वाटत नाही. झाला असेल तर त्याच्या घरच्या मंडळींना माझा नमस्कार सांगा.

हा खेळ त्यांच्याकडे चालत आला. मोठा महामार्ग होत होता तेव्हा रस्ता मोजणारी मंडळी दुसरबीडला खोल्या शोधत फिरत होती, आणि मामाजींनी दुकानावरच्या दोन खोल्या त्यांना भाड्याने दिल्या. त्यात केरळचा एक पोरगा होता. त्याला मराठी येत नव्हतं, मामाजींचं हिंदी फक्त त्यांनाच समजत होतं, त्यामुळे दोघांची फार लवकर दोस्ती झाली. त्या पोराने त्यांना हा खेळ शिकवला. तो म्हणायचा लिमिट होल्डेम. मामाजी म्हणायचे ‘लिमिटवाला’. रस्ता झाला, पोरं पुढच्या रस्त्यावर गेली, खोल्यांत आत्याने कांदे भरले. लिमिटवाला मात्र खालीच राहिला.

त्याला लिमिटवाला म्हणायचं कारण असं, की त्यात लावायचं किती ते आधीच ठरलेलं असतं. हातात कितीही भारी पान आलं तरी तेवढंच लावायचं, आणि समोरच्याने लावलं तर फार तर तेवढंच आणखी चढवायचं. एका डावात कोणाचं घर जात नाही. आत्याची त्याच्यावर आणखी एक अट होती. या घरात पत्त्याशेजारी पैसा दिसला तर पत्ते चुलीत जातील. म्हणून मामाजी चिंचोके वापरायचे. आत्याच्या चिंच फोडण्यातून निघालेले, तेल लावून चकचकीत केलेले चिंचोके. पहिल्या दोन फेऱ्यांना एक-एक, पुढच्या दोन फेऱ्यांना दोन-दोन.

खेळ साधा आहे. मला समजला यावरून तुम्हाला अंदाज येईल. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती आपली आपण पाहायची. मग मधे सगळ्यांची मिळून पाच पानं उघडी पडतात: आधी तीन, मग एक, मग शेवटचं एक. आपली दोन आणि मधली पाच यांतून ज्याचं सर्वांत चांगलं जमेल तो जिंकला. दर टप्प्याला बोलायचं असतं. कोणी चिंचोके लावले तर बाकीच्यांनी तेवढे लावायचे, नाहीतर पानं टाकून उठायचं. आणि कोणीच काही लावलं नाही, तर पुढचं पान सगळ्यांना फुकटात पाहायला मिळतं.

त्या केरळच्या पोराने प्रत्येक गोष्टीला इंग्रजी नाव सांगितलं होतं. ती नावं मामाजींच्या तोंडात बसेनात, तेव्हा त्यांनी आपली ठेवली. मधली पाच पानं म्हणजे पंगत. पान वाटायचं नाही, पान वाढायचं. पहिली तीन पानं म्हणजे वरण, भात, भाजी. चौथं म्हणजे मागचा भात. आणि शेवटचं म्हणजे ताक. शेवटच्या पानावर हातचा डाव गेला की मामाजी कपाळाला हात लावून म्हणायचे, “ताकावर मेलो.” नवीन माणूस आला असला की तो आत्याकडे संशयाने पाहायचा.

आता यातली गंमत अशी, की या नावांनी मामाजींचाच घात केला. आमच्याकडे पंगतीतून मधेच उठणं म्हणजे घरधन्याचा अपमान. शेजारच्याचं जेवण होईस्तोवर बसून राहायचं, ही शिकवण आम्हाला चालता येण्याआधी मिळालेली. मामाजींनी मधल्या पानांना एकदा पंगत म्हटलं, आणि त्यानंतर आमच्या नातेवाइकांतला एकही माणूस पानं टाकून वेळेवर उठला नाही. हातात दुरी आणि सत्ती असली तरी सगळे ताकापर्यंत बसून. “बसतो न मी, काय बिघडलं,” असं म्हणत चिंचोके टाकायचे, आणि शेवटी त्या दुरीच्या जोडीला दुरी निघून मामाजींचा डाव मारून न्यायचे. केरळच्या पोराला हे फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणे बराच वेळ हसत होता. मग म्हणाला, अशा लोकांपुढे हातात काही नसताना थाप मारायची नाही, कारण कोणी उठणारच नाही. पण चांगलं पान आलं की लावत जा, सोडू नका.

मामाजींना हे पटलं, आणि जे पटलं ते त्यांनी उरलेल्या आयुष्याला लावून टाकलं.

त्यांच्या सगळ्या तत्त्वज्ञानाचा मुक्काम वरच्या जोडीवर होता. मधे जी पानं उघडी असतात त्यांत सगळ्यांत मोठं जे असेल, त्याच्याच जातीचं दुसरं आपल्या हातात असलं की झाली वरची जोडी. समजा मधे बादशा, सत्ती आणि चौकी आहे आणि आपल्याकडेही एक बादशा आहे. बस. ही फार भारी गोष्ट नाही. दोन जोड्या तिला खातात, तीन सारखी पानं खातात, रंग जमला तर तो खातो. पण त्या घडीला बहुधा आपणच पुढे असतो. प्रश्न असा, की तेव्हा करायचं काय?

आम्ही सगळे तीन पत्तीवर वाढलेले. चांगलं पान आलं की चेहरा भिंतीसारखा करायचा आणि चूप बसायचं, हेच आम्हाला हुशारीचं वाटे. मामाजींना ते पाहून कसंतरी व्हायचं.

“वरची जोडी लागली की बोलाचं,” ते म्हणत. “हे गरम भजे होत बे. आता विकले त विकले. थंडे झाल्यावर कोण इचारते?”

आणि दुसरं वाक्य, जे ते दर डावाला एकदा तरी म्हणत: “फुकट पान कोणालेच वाढाचं नाही.” ज्याला पुढचं पान पाहायचं आहे त्याने चिंचोके मोजावेत. पाहुणा असो, जावई असो, देवमाणूस असो.

एका दिवाळीत माझ्या हातात एक्का होता आणि मधे दुसरा एक्का पडला. याहून वरची जोडी नसते. मी अतिशय धोरणीपणाने गप्प बसलो. मामाजींनीही काही लावलं नाही, माझ्या बायकोनेही नाही. एक पान फुकट पडलं, दुसरंही फुकट पडलं, आणि शेवटी माझ्या बायकोने तीन पंज्या काढून दाखवल्या. मी माझा एक्का दाखवला तेव्हा मामाजींनी पानं खाली ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते कोणी ओल्या हाताने बटण दाबलं की पाहत.

“एक्का होता तुह्यापाशी?”

“हो.”

“अन तू देवळात बसल्यासारखा बसला होता?”

माझी बायको म्हणाली, “मामाजी, यांचं सगळ्यातच असं आहे. मला पाहायला आले होते तेव्हा माझ्या बाबांनी विचारलं, काही विचारायचं आहे का? तर हे वर पंख्याकडे पाहत बसले.”

पंखा फार हळू फिरत होता, हे मी तिला लग्नाला वीस वर्षं झाली तरी सांगतो आहे. असो.

मला या माणसाचं कुतूहल वाटायचं ते एवढ्यासाठी, की ते हरत फार. आठवड्यातून तीनदा तरी त्यांची वरची जोडी कोणाच्या तरी भलत्याच पानाखाली चिरडायची. दुसरा एखादा शहाणा झाला असता. पुढच्या डावाला त्यांच्याकडे राणीची जोडी लागली, की यांचा हात पुन्हा चिंचोक्यांवर. मी एकदा विचारलं, की आत्ताच तर मार खाल्ला, पुन्हा तेच का? ते म्हणाले, “मागचं पान मागं गेलं. या पानाले काय माहीत?” हा वेडेपणा आहे की शहाणपणा, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही, आणि ते जाऊन दोन पावसाळे झाले तरी अजून येत नाही.

बाहेरही तसेच. बाजाराच्या दिवशी वांगी घ्यायला गेले की विकणारी बाई भाव सांगायच्या आतच हे आपला भाव सांगत, आणि तो शेवटचा असे. पुढे घासाघीस नाही. बायांना ते आवडत नसे. घासाघीस न करता मिळालेल्या पैशांचं समाधान वाटत नाही म्हणत. दुकानात मोटार आली की ती खोलायच्या आत हे वास घेऊन सांगायचे, अमुक जळालं आहे. खोलल्यावर भलतंच जळालेलं निघालं, तर तितक्याच मोठ्याने म्हणायचे, “चुकलो.” शेजारच्या पंक्चरवाल्यालाही ऐकू जाई. त्यांची चूक आणि त्यांचं भाकीत एकाच पट्टीत असायचं.

एकदा आमच्या गावात एका सोयऱ्याकडे समाचाराला गेलो होतो. गेलेला माणूस मोठा विनोदी होता, पण त्या दिवशी त्याच्या घरी सगळे जमिनीकडे पाहत बसलेले. कोणाला काय बोलावं सुचत नव्हतं. मामाजी टेकले आणि त्या माणसाच्या बायकोला म्हणाले, “वहिनी, यानं मले आयुष्यात सगळ्यांत जास्त हसवलं. आता मी कोणाजवळ बसू?” मी मनात म्हटलं, झालं. पण ती बाई आधी हसली, आणि मग तिला मोकळेपणाने रडता आलं. परत येताना मोटारसायकलवर मागे वळून मामाजी मला सांगत होते, की मनात होतं ते वरचं होतं, म्हणून बोलून टाकलं. मी त्यांना पुढे पाहून गाडी चालवायची विनंती केली.

मात्र ते आंधळेपणाने बोलत सुटायचे असं कोणी समजू नये. आत्या क्वचित खेळायला बसे. बसली तरी आपणहून चिंचोके लावत नसे, नुसती बरोबरीला राही. पण तिने कधी आपणहून चढवलं, की मामाजी आपली वरची जोडी त्याच क्षणी खाली टाकत. “ही चढवून राह्यली म्हणजे हिच्यापाशी हाय,” म्हणत. “मी बोलतो. पण मी बहिरा नाही.” लग्नाच्या इतक्या वर्षांत त्या दोघांचं भांडण मी ऐकलं नाही, त्याचं कारण हेच असावं.

आता पूनमचं सांगतो. पूनम ही त्यांची एकुलती मुलगी, माझ्याहून बरीच लहान. चिखलीला एका ठिबक सिंचनाच्या दुकानात हिशेबाला होती. तिथेच साखरखेर्ड्याचा एक मुलगा सामान घ्यायला यायचा. घरची मिरची आणि टमाट्याची बागायत, स्वतःची रोपवाटिका. तो इतक्या वेळा नळ्या न्यायला आला की त्याच्या शेतात चालायला जागा उरली नसेल. तिने मला एका दुपारी फोन केला आणि म्हणाली, “दादा, त्यांच्या घरचे पाहायला येऊन राह्यले. हे जमलंच पाहिजे. पण कोणीतरी त्याच्या बाबांले सांगतलं की पोरीचा बाप जुगारी हाय. तू ये. अन बाबांले सांभाळ.”

एवढी कामगिरी माझ्यावर विश्वासाने सोपवणारी ती जगातली एकमेव व्यक्ती. ठरल्या दिवशी मी सकाळीच पोचलो.

आत्याने तोवर पत्ते उचलून धान्याच्या कोठीत टाकले होते आणि चिंचोक्यांचा डबा देवघरात, देवाच्या मागे. मामाजींकडून वचन घेतलं होतं: आज पत्त्याचं नाव नाही. ते इस्त्रीचा शर्ट घालून, हात मागे बांधून अंगणात फिरत होते. त्यांनाही जमायला हवंच होतं. पूनमच्या तोंडाकडे ते सारखे पाहत होते, आणि तिने पाहिलं की दुसरीकडे पाहत होते. मला म्हणाले, “मी आज बोलतच नाही. तू बोल.” आमच्या घरावर एवढी वाईट वेळ आधी आली नव्हती.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, आणि त्याचे वडील. वडील किडकिडीत, पांढरे कपडे, फार कमी बोलणारे. चहापाणी झालं, मुलीला विचारायचं ते विचारून झालं. मुलाची आई आत आत्याजवळ गेली आणि दोघींचं जमलेलं ऐकू येऊ लागलं. बाहेर मात्र शांतता. मी पावसाविषयी जेवढं माहीत होतं ते सगळं सांगून टाकलं. मामाजी वचनाला जागून चूप. मग मुलाच्या वडिलांनी घसा साफ केला आणि विचारलं, “तुम्ही कोणता तरी खेळ खेळता म्हणे. आम्हाले दाखवा न.”

मी म्हणालो, पत्ते कुठे आहेत कोणास ठाऊक. मामाजी म्हणाले, “कोठीत हायत.”

झालं. कोठीतून पत्ते आले, देवामागून चिंचोक्यांचा डबा आला, बाजेवर चादर अंथरली. पाहुणे, मामाजी आणि मी. मुलगा वडिलांच्या खांद्याशी बसून पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की आता याच्या शेतातल्या नळ्या परत कराव्या लागणार. मामाजींनी खेळ समजावून सांगितला: पंगत, वाढणं, ताक, सगळं. पाहुण्यांनी मान हलवली. पहिले दोन-तीन डाव कोणाच्या हाती काही नव्हतं, ते हसण्यात गेले. मला वाटलं, निभावलं.

मग तो डाव आला. मधे बादशा, सत्ती, चौकी. मामाजींच्या खांद्याची मला माहीत असलेली हालचाल झाली, आणि एक चिंचोका पुढे आला. मी पायाच्या अंगठ्याने त्यांना डिवचलं. मुलीच्या होणाऱ्या सासऱ्याशी असं खेळतात का? पाहुण्याला दोन डाव जिंकू द्यायचे, मग जेवायला बसवायचं. एवढी साधी रीत. मामाजींनी पाय आखडून घेतला. वाट मोकळी करावी म्हणून मी पानं टाकून उठलो. पाहुण्यांनी जरा विचार करून एक चिंचोका टाकला. मागचा भात आला: तिरी. आता दोन-दोनची फेरी. मामाजींची बोटं चिंचोक्यांवर, डोळे पाहुण्यांच्या हातांवर.

त्याच वेळी आत्या पदराला हात पुसत दारात आली आणि म्हणाली, “अहो, पान वाढू काय आता?”

आणि मामाजी, नजर न हलवता, रोजच्या आवाजात म्हणाले, “फुकट पान कोणालेच वाढाचं नाही.”

मी आयुष्यात बऱ्याच शांतता ऐकल्या आहेत, त्यातल्या बऱ्याचशा मी स्वतः निर्माण केलेल्या. ही निराळी होती. आत बायकांचं बोलणं थांबलं. पाहुण्यांनी आपली दोन पानं पालथी चादरीवर ठेवली.

“आमचं जेवण फुकटचं हाय काय?” त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं.

सांभाळायला मी होतो. मी घाईघाईने म्हणालो, “नाही नाही, तसं काही नाही. ते सगळ्याच पाहुण्यांना असं म्हणतात.”

मुलाने डोळे मिटून घेतले. दाराआडून पूनम पुढे आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती नीट उभी राहून म्हणाली, “काका, ते पत्त्याचं पान होय. जेवणाचं नाही. बाबा पत्ते वाटाले वाढणं म्हणतात.”

पाहुण्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग मामाजींकडे. “मंग मी उठू, का बसू?” ते म्हणाले. पत्त्यांतून उठू की घरातून, ते कोणालाच समजलं नाही. मला वाटतं त्यांचंही ठरलेलं नव्हतं.

मामाजी आता जागे झाले होते. आपल्या तोंडून काय गेलं ते त्यांना कळलं होतं. मला वाटलं, हात जोडतील. त्यांनी आपली दोन पानं उचलली आणि उलटी करून सगळ्यांसमोर चादरीवर ठेवली. बादशा आणि दश्शी.

“पाहा,” ते म्हणाले. “बादशाची जोडी हाय. वरची जोडी. याच्याहून मोठं माह्यापाशी काहीच नाही, हे तुम्ही आता पाह्यलं. तुम्ही पाहुणे, तुमच्यापासून मी लपवत नाही.” आणि मग त्यांनी दोन चिंचोके उचलून मधे ठेवले. “पण पुढचं पान पाहाचं असन त दोन लागतील.”

आत्याने पदर तोंडावर घेतला. मुलगा वडिलांच्या खांद्यावरून पुढे वाकला होता. पाहुणे त्या बादशाकडे इतका वेळ पाहत राहिले, की मला ते त्याला ओळखत असावेत असं वाटू लागलं.

“दाखवून टाकलं,” ते हळूच म्हणाले. “अन तरी लावता?”

“लावतो न. पुढं मीच हाय.”

पाहुण्यांनी दोन चिंचोके घेतले, हातात खुळखुळवले, आणि मधे टाकले. “वाढा,” ते म्हणाले.

आत्या आत वळली आणि ताटं मांडल्याचा आवाज आला. इकडे मामाजींनी ताक वाढलं. नश्शी. पाहुण्यांनी आपली पानं उलटी केली, सत्ती आणि नश्शी, आणि निराश होऊन म्हणाले, “माह्यापाशी सत्तीची जोडी. गेलो मी.” त्यांना आणखी काही दिसलं नव्हतं. मुलाला दिसलं नव्हतं. मलाही, खरं सांगायचं तर, लगेच दिसलं नव्हतं. मामाजी चूप बसले असते तर डाव त्यांचा होता.

“गेले नाही तुम्ही,” मामाजी म्हणाले. “सत्तीची जोडी अन नश्शीची जोडी. दोन जोड्या झाल्या. मी मेलो ताकावर.” आणि दोन्ही हातांनी सगळे चिंचोके त्यांच्याकडे सारले.

जेवणं झाली. पाहुण्यांनी वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली, आणि आत्याने ती वाढताना मामाजींकडे असं काही पाहिलं की त्यांनी ताटावरून मान वर केली नाही. जायच्या वेळी गाडीत बसण्याआधी पाहुणे मामाजींजवळ उभे राहिले.

“एक सांगतो,” ते म्हणाले. “आम्हाले कोणी सांगतलं होतं की पोरीचा बाप जुगारी हाय. म्हणूनच मी खेळ काढाले लावला.”

“मंग?” मामाजींनी विचारलं. “हाय काय मी?”

“छ्या. जुगारी असता त मले माहं पान सांगतलं असतं काय? चूप बसून घेतलं असतं.” मग त्यांनी बायकोकडे एकदा पाहून घेतलं आणि म्हणाले, “पोरगी आमची झाली. तारीख तुम्ही पाहा.”

गाडी धूळ उडवत वळली. आत्या तिथेच अंगणात बसली आणि डोळे पुसू लागली. पूनम आत पळाली, आणि कोठीचं की कशाचं झाकण तिच्या हातून पडल्याचा मोठा आवाज झाला. मी घरी फोन लावून बायकोला सांगितलं, की मी सांभाळून घेतलं. ती म्हणाली, खरं काय झालं ते सांगा.

फोन ठेवून वळलो तर मामाजी एकटेच रस्त्याच्या कडेला उभे. गाडी दिसेनाशी झाली होती, तरी हे तिकडेच पाहून राहिलेले. चेहरा असा, की मला वाटलं, पोरगी जाणार म्हणून भरून आलं असेल. मी जवळ गेलो, खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणालो, “मामाजी, जमलं हो. आता काय?”

“ते त जमलंच बे,” ते म्हणाले. “पोरीचं चांगलं झालं.” पण नजर हलेना. मग माझ्याकडे वळले. “एक सांग मले. मी बादशा दाखवला नसता, त दोन चिंचोक्यांवर तो उठला असता का बसला असता?”

मी म्हणालो, मला काय माहीत.

“मलेही नाही माहीत,” ते म्हणाले. “अन आता कधीच माहीत पडणार नाही.” मग ते हसले, मान हलवली, आणि आत जाऊन पूनमला हाक मारली.